अंधडात सुटलेली ताडपत्री

चैत्र सरला की माझी श्रद्धा डळमळू लागायची. इकडे छत्तीसगढात, कोहक्यातल्या आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर, उघड्या माळावर शेताचा एक लहानसा तुकडा आहे. भाठा जमीन ती, लाल, मुरमाड, पाण्याची सोय नाही. दर उन्हाळ्यात वारा वरची मऊ माती उचलून न्यायचा आणि पावसाळ्यात तीळ आणखी खुरटा उगवायचा. बांधाजवळ कडुनिंबाखाली शीतलामाईचं ठाणं आहे. तिथे डोकं टेकवून मी म्हणायची, "आई, एवढी माती तरी राहू दे." माती काही राहायची नाही. मग वाटायचं, ऐकणारं कुणी आहे का तिथे?

माझे यजमान पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले आणि त्यांनी सारा जीव त्या तुकड्यात ओतला. दम्याचा त्रास असूनही त्या वर्षी त्यांनी आटलेल्या तळ्यातला काळा गाळ आणून शेतात ढीग घातले. जमिनीत कस येईल, एवढीच आशा. पण उन्हानं तो गाळ वाळून पिठासारखा भुरभुरीत झाला, म्हणून एका दुपारी मोठी ताडपत्री घेऊन आम्ही तो झाकायला गेलो.

एक कडा दगडांनी दाबली, तोच पश्चिमेकडचं आभाळ तांबूस झालं आणि पाहता पाहता धुळीचं अंधड येऊन आदळलं. डोळ्यांत, नाकात, दातांत माती. ढिगांवरून काळे लोट उठले. ताडपत्री शिडासारखी फुगली, दगड घरंगळले. यजमानांनी तिची दोरी मनगटाला गुंडाळली आणि ती त्यांना फरफटत नेऊ लागली.

"अहो, सोडा ते! कावून धरून राहिले?" मी ओरडले.

"माही माती चालली! तू जाय इथून!" पुढचं बोलणं खोकल्यात बुडालं.

मग ते दिसेनासेच झाले. नुसता खोकला ऐकू येई, तोही लांब जाणारा. मी गुडघ्यांवर बसले. माती वाचव, हे शब्द तोंडात आलेच नाहीत. एवढंच म्हणाले, "माय, मले काही नाही पाहिजे. तुले जे करायचं ते कर."

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. एक म्हातारी बाई होती, डोक्यावरून ओला पदर घेतलेली. तिनं मला ओढत खोकल्याच्या दिशेनं नेलं. यजमान आडवे पडले होते, दोरी अजून मनगटाला. ती त्यांच्या कानाशी वाकून छत्तीसगढीत म्हणाली, "छोड़ दे ग, जान दे." सोड रे बाबा, जाऊ दे. आवाजात घाई नव्हती. मी इतकं ओरडूनही न ऐकणाऱ्या माणसानं दोरीचा वेढा सोडवला.

ताडपत्री उडाली ती थेट शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांत अडकली. कडाड आवाज झाला आणि तुटलेली तार ठिणग्या उडवत आमच्यापासून चार पावलांवर, ताडपत्री त्यांना ओढत नेत होती त्याच वाटेवर पडली.

त्या बाईनं आम्हाला उलट्या बाजूनं बांधाच्या आडोशाला नेलं, आपला ओला पदर फाडून यजमानांच्या नाकातोंडावर धरायला दिला. वारा ओसरला, त्यांचा श्वास थाऱ्यावर आला. मी मान वर केली तेव्हा ती तळ्याच्या वाटेला लागली होती. नंतर गावात पुष्कळ विचारलं. कुणी म्हणालं, मोहफुलं वेचणारी असेल. असेलही. मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला आणि शोध थांबवला.

गाळ बहुतेक सगळा गेला. कधी देवळाची पायरी न चढलेले यजमान त्या संध्याकाळी शीतलामाईपुढे बसून राहिले. केसांत, भुवयांत माती तशीच होती. "गेली ते गेली," ते हळूच म्हणाले, "तू हाय, मी हाय."

आता कापणीनंतर आम्ही धसकटं उपटत नाही, उन्हाळ्यात नांगरट करत नाही. जमीन पाचोळ्याखाली झाकलेली राहू देतो. तरी वारा थोडी माती नेतोच. माईपुढे हात जोडते तेव्हा मी आता तिला काय करायचं ते सांगत नाही. बाजूला यजमानांचा श्वास चाललेला ऐकू येतो, तेवढ्यानं मन भरून येतं.