एका लॉगिनवर नऊ जण

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, घरातही नाही. त्या प्रकरणात खरं काय ते मला चालान, म्हणजे आरोपपत्र, सादर करण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. तो आठवडा अजून मनातून जात नाही.

पांढुर्णा-सौसर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. भागातल्या एका विद्यापीठाची तक्रार आली. परीक्षा विभागाच्या संगणकात मागच्या शनिवारी दुपारी काही विद्यार्थ्यांचे गुण वाढवले गेले होते. नोंदीत नाव होतं तिथल्या ऑपरेटरचं, रामाकोना गावच्या एका चाळिशीतल्या माणसाचं. संध्याकाळी निनावी फोनही आला, 'त्यालेच धरा, साहेब.' नोंद आणि फोन एकाच दिशेला होते. मी त्याला धरलं.

विद्यापीठात तेव्हा नवी व्यवस्था आणायची तयारी सुरू होती. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, मोबाइलवर येणारा कोड, ज्याचं जेवढं काम तेवढंच उघडणार, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद. त्याआधी कोण कशावर काम करतो, हे टेबलाटेबलाशी जाऊन लिहून काढायचं काम या ऑपरेटरकडेच होतं. चौकशीत त्यानं ती यादी माझ्यापुढे ठेवली. त्याच्या लॉगिनवर, तो धरून, नऊ जण काम करत होते.

"पासवर्ड कायले देला सगळ्यायले?" मी विचारलं.

"नाही देला तं काम अडते, साहेब. सुट्टीवर गेलो का फोनवर फोन. मोठे साहेबच म्हणत, देऊन टाक न." त्या शनिवारी आपण आईला घेऊन जामसांवलीला देवदर्शनाला गेलो होतो, असंही त्यानं सांगितलं.

तेवढ्यात ठाण्याची लिखापढी सांभाळणारे आमचे मुन्शी दारातून डोकावले. गुन्हे नोंदवायला ते रोज माझ्याच लॉगिननं बसत. "साहेब, कम्प्युटर तुमचा पासवर्ड बदलाले सांगून राहिला. मागचाच ठेवू का, पुढं एक आकडा लावून?"

ऑपरेटरनं माझ्याकडे पाहिलं. मला ते सहन झालं नाही. नंतरचे चार तास मी त्याच्याशी जसा वागलो, त्याचं समर्थन करत नाही. शेवटी तुझ्या आईला ठाण्यात आणून बसवतो म्हटलं, तेव्हा त्यानं कबुलीवर सही केली. पोलिसासमोरची कबुली न्यायालयात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. निलंबनाला ती पुरते, हेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी एकटाच जामसांवलीला गेलो. मंदिराबाहेरच्या नारळवाल्यानं फोटो पाहताच ओळखलं. "शनिवारी यायच्या मायची चप्पल हरवली होती. दुपारभर माय-लेक माझ्याच दुकानात बसून होते. कावून जी, का झालं?"

काही नाही म्हणालो आणि परतलो. केस डायरीत त्या फेरीची एक ओळ नाही. यादीही मी जप्तीत घेतली नाही. प्रकरण उलगडलं, असं वरिष्ठांना कळवून झालं होतं. शाबासकीही मिळाली होती.

न्यायालयात पुराव्याअभावी तो सुटला. सुटला म्हणजे निर्दोष नव्हे, असं म्हणून विद्यापीठानं त्याला परत घेतलं नाही. नवी व्यवस्था लागू झाली, त्याच्याच यादीवरून, दुसऱ्याच्या हातून. गुण कोणी वाढवले ते मी शोधलंच नाही. आठ नावं उरली होती, त्यातल्या एकालाही बोलावलं नाही.

नोंदीत नाव असणं आणि खुर्चीवर तोच माणूस असणं, यातला फरक मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्याच ठाण्यात तो रोज दिसत होता. शिकलो ते वेगळंच. आरोपी खोटं बोलतो तेव्हा पोलिसाला राग येतो, पण तो खरं बोलला आणि त्यात आपणही सापडलो, तर जास्त येतो. त्या रागात लिहिलेला कागद पक्का दिसतो.

आता तो सौसरला संत्र्याच्या गाड्या भरून घ्यायच्या कामावर आहे. एकदा बाजारात समोर आला. "नमस्कार, साहेब," म्हणाला आणि बाजूला होऊन मला वाट दिली.

त्या शनिवारी तो कुठे होता आणि मला ते कधी कळलं, हे माझ्या सहीनिशी लिहून विद्यापीठाला द्यायचं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.