कूलरचे पाय चार, रेघा चार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं ऐकून तुम्हाला माझी कीव येणार आहे. आणि तीही कशावरून, तर अंगणातल्या गट्टूंवरून!

आमच्या सिंदी मेघेच्या घरापुढे यंदाच सिमेंटचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसवले. राखाडी, एकसारखे. बायकोचा, म्हणजे वैशालीचा, त्यांच्यावर भारी जीव. ऊन तापायला लागलं तशी एका सकाळी ती दिवसभरासाठी आंजीला माहेरी निघता निघता म्हणाली, "आईच्या खिडकीशी कूलर लावून ठेवजा. पन वढत नेऊ नका. गट्टूवर एक रेघ दिसली ना, तं पाहा मंग!"

आणखीही काही सांगत होती, पण मी त्या रेघेतच अडकलो.

आता लोखंडी स्टँडचा कूलर एकट्यानं उचलायचा? पायांखाली बोरा, म्हणजे रिकामं पोतं, घातला आणि नेला ओढत. खिडकीखाली एकेक पाय उचलून बोरा काढला, तर खाली चार पांढऱ्या रेघा!

कूलरला पाय किती? चार. रेघा किती? चार. आता याला पुरावा नाही तर काय म्हणायचं?

दुसरा कुणी कुंड्या ठेवून मोकळा झाला असता. पण मला चौकशीची खाज! सिमेंटवरचा ओरखडा जातो कसा, हे पाहायचंच होतं. पॉलिश पेपर ओला करून एक रेघ घासली. गेली की हो! पण गट्टू वाळला तो पांढुरका पडला. असं का? म्हणून बाजूचा घासून पाहिला. मग त्याच्या बाजूचा.

कुंपणावरून शेजारचे वामनराव डोकावले.

"काऊन घासून राह्यले भाऊ?"

"ओरखडे काढून राह्यलो."

"कुठी हायेत? मले तं नाई दिसत."

"तेच तं! गेले ना!"

"मंग आता काऊन घासता?"

मी पांढुरक्या पडलेल्या गट्टूंकडे बोट दाखवलं. तोडगा त्यांनीच काढला, "सिमेंटचं पानी मारा, सारं एका रंगाचं होते."

मारलं. वाळल्यावर गट्टू भस्म फासल्यासारखे दिसायला लागले. मग त्यांनी दिलेली फरशी रंगवायची काळी पावडर त्यात कालवली. काळेकुट्ट! दुपार सरली तोवर अंगण कबऱ्या गायीसारखं झालं होतं.

संध्याकाळी वैशाली फाटकातच थबकली. मी घाईघाईनं म्हणालो, "खिडकीखाली चार रेघा पडल्या होत्या, पन एकही ठेवली नाई!"

"अहो, त्या मीच परवा खिळ्यानं मारल्या होत्या! कूलरचे पाय कुठी ठेवाचे, त्याच्या खुना! आईच्या पलंगावर नेमकी हवा जावी म्हनून. जाताना सांगतलं नव्हतं का?"

"मले वाटलं, बोऱ्यावर वढल्याचे ओरखडे..."

"बोऱ्यावर वढला ना? मंग ओरखडे येतीन कसे?"

एवढी चौकशीची खाज, आणि नेमका हाच प्रश्न मला सुचू नये!

तेवढ्यात आतून आई ओरडली, "हवा नाई येऊन राह्यली रे!"

मग काय, कूलर जरा डावीकडे, जरा उजवीकडे, पुढे, परत मागे. घाईत बोरा राहिला बाजूलाच. शेवटी आईच्या पलंगावर हवा लागली, तिचा डोळाही लागला, आणि मी खाली पाहिलं.

वामनराव कुंपणावरून वाकून पाहतच होते.

"हां भाऊ," ते म्हणाले, "आता दिसले!"