पुण्याच्या पार्टीचा फोन

सुरुवातीलाच माफी मागतो. नववीत शाळा सोडलेला माणूस आहे मी. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. दौंडला मोटार बांधायच्या दुकानात कामाला आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरायची, एवढंच मला नीट येतं. बोलणं तर अजिबात येत नाही. आणि नेमकं त्या एका दिवशी मी बोललो! असा बोललो, की विचारू नका.

माझी धाकटी बहीण स्वाती. आम्ही मांडवगण फराट्याचे. घरात एवढं शिकलेली ती एकटीच, एम.एस्सी. झाली. पुढे तिला पीएच.डी. करायची होती. कशात, ते तिने मला एकदा भाकरी थापताना समजावलं होतं. म्हणाली, "दादा, आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यात प्रोटीनची दारं असतात. काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, ते ती दारं ठरवतात. त्या दारांचा आकार कसा, तो शोधायचा."

"मग दिसत न्हाई व्हय तो?"

"साध्या सूक्ष्मदर्शकात नाही दिसत. म्हणून तर लोकांची वर्षं जातात."

मला निम्मं कळलं. पण तिचा चेहरा बघून वाटलं, हिला हे मिळायला पाहिजे. पुण्यात एका संशोधन संस्थेत जागा निघाली होती, एकच. तिने अर्ज केला, मुलाखतही झाली. घरी रेंज नाही, आबांना ऐकू कमी येतं, म्हणून घरचा नंबर म्हणून तिने माझा दिला. इथंच घात झाला.

त्याच आठवड्यात आमच्या रामदासमामांनी तिच्यासाठी स्थळ बघायला घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी विहिरीच्या बांधावर रेंजमध्ये गेलो, तर त्यांचा फोन.

"आरं, पुण्याची पार्टी हाय. एकुलता एक पोरगा. त्याची आई आज तुला फोन करल. नीट बोल. लाजत बसू नगंस."

मी गाडीला किक मारतोय, तेवढ्यात स्वाती दारात आली. "दादा, पुण्याहून फोन आला तर नीट बोल हां." आणि खाली बघून हसली.

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं माणसाने? मला वाटलं, मामांनी तिच्या कानावर घातलेलं दिसतंय, आणि पोरगी मनातून तयार आहे! माझं मन भरून आलं. दौंडपर्यंत मी गाडी हळू चालवली.

दुपारी फोन वाजला. दुकानाचे मालक रशीदचाचा समोर बसून चहा पीत होते. पलीकडून बाईचा आवाज. शांत, शिकलेला.

"मी पुण्याहून बोलतेय. स्वातीचे भाऊ ना तुम्ही?"

"व्हय जी. बोला."

"तिच्याशी सगळं बोलणं झालंय. मुलगी आम्हाला पसंत आहे. पण घरच्यांशी बोलल्याशिवाय मी हल्ली कुणाला घेत नाही. मागे एकदा अंगाशी आलंय."

चाचांनी खुणेने विचारलं, कोण? मी खुणेनेच डोक्याला बाशिंग बांधून दाखवलं. चाचा खुर्ची ओढून जवळ आले.

"स्वभावाने कशी आहे? प्रश्न विचारते का?"

"छ्या, छ्या! एक शब्द उलट विचारायची न्हाई. मान खाली घालून सांगितलेलं काम करती."

"असं?" बाईंचा आवाज जरा पडला. "आणि शिकायची तयारी?"

चाचा कुजबुजले, "बोल, ज्यादा पढाई का कुछ नहीं. सासूला डर असतो त्याचा."

मी म्हटलं, "शिक्षणाचं काय हो, झालं तेवढं बास. तुम्ही म्हणला तर उद्यापासून पुस्तकाला हात लावायची न्हाई."

पलीकडून कागदावर काहीतरी खोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, खूश झाल्या!

"यंत्रांवर काम करावं लागेल तिला," त्या म्हणाल्या.

"मिक्सरसुद्धा आईला इचारून लावती जी."

"बरं... पण मध्येच सोडून तर नाही ना जाणार? पाच वर्षं तरी राहायला हवी."

"पाच? अवो, जल्माची गाठ हाय ही!"

"जन्माची नको हो," त्या हसल्या. "पाच-सहा वर्षं पुरेत. नंतर त्या जातातच परदेशात."

त्या? मी सावध झालो. "त्या म्हंजी कोण?"

"आधीच्या मुली. एक अमेरिकेत आहे. एकीला मात्र दीड वर्षातच घरचे घेऊन गेले. सध्या माझ्याकडे चौघी आहेत. एकाच खोलीत असतात, पण भांडण नाही हं."

मी फोनवर हात ठेवला. "चाचा, चौघी हायत म्हणत्यात."

चाचांचा चहा शर्टवर सांडला. "चार? अरे, आमच्यात बी आता एकच पुरे म्हणतात!"

बाई आपल्या बोलतच होत्या. "मी काही लपवत नाही. कष्ट आहेत. थंड खोलीत तासन्‌तास उभं राहावं लागतं. काम नाजूक, जरा ऊब लागली की सगळं नासतं. कधी रात्रभर जागायचं. आणि दर महिन्याला तिच्या खात्यात पैसे जमा होतील, त्याची तुम्ही काळजी करू नका."

पैसे! माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. दुधाचा काहीतरी धंदा. बर्फासारख्या खोलीत चार बायका कुडकुडत उभ्या. आणि पाचवी आमची स्वाती.

अहो, बसमध्ये सुट्टे मागायला लाजणारा मी. पण त्या दिवशी कुठून आवाज आला कोण जाणे. "ओ बाई! आमची भन काय इकायला काढली का? ती यायची न्हाई तुमच्याकडं. ह्या जल्मात न्हाई. परत फोन केला तर पोलिसात जाईन!"

फोन आपटला. चाचांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास! शेर है तू." मोटार घ्यायला आलेल्या कासुर्डीच्या एका पाव्हण्याने माझा हात हातात घेतला. शेजारच्या टपरीवाल्याने फुकट चहा पाजला. एवढा मान मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

संध्याकाळी घरी गेलो तो छाती काढून. स्वाती गोठ्याशी होती.

"आला फोन?" तिने हातातली चाऱ्याची पाटी खाली ठेवली.

"आला. अन् वाचलीस तू! चार बायका हायत त्या घरात."

"चार?"

"चार! आन् थंड खोलीत उभं करत्यात. रात्रभर जागवत्यात. मी सरळ पोलिसांचं नाव काढलं."

ती हळूच पाटीवरच बसली.

"दादा," ती म्हणाली, "त्या माझ्या पीएच.डी.च्या मॅडम होत्या."

मग ती रेंज मिळवायला विहिरीच्या बांधावर गेली. मी मागे उभा. तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो मॅडम... नाही मॅडम, त्यांचा गैरसमज... हो, समजलं." मॅडमना वाटलं होतं, घरच्यांचा विरोध आहे. यादीतल्या पुढच्या मुलीला त्यांनी दुपारीच कळवलं होतं. तिनेही लगेच होकार दिला होता.

ती रडली असती तर बरं झालं असतं. रागावली असती तर त्याहून बरं. ती खाली आली आणि भांडी घासायला बसली. आई म्हणाली, "जाऊ दे. आता लग्नाचंच बघू." मी न जेवताच उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो नाही. दौंडला गाडी लावली, पुण्याची रेल्वे पकडली, विचारत विचारत त्या संस्थेच्या फाटकाशी पोहोचलो. रस्ताभर बोलायचं पाठ केलं होतं. मॅडम बाहेर आल्या, आणि मला एवढंच सुचलं, "मी तो पोलिसवाला."

त्या हसल्या. मग बाकावर बसवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. स्थळ, मामा, चौघी, सगळं. चष्मा काढून डोळे पुसले. हसून पुसले की कशाने, ते मला कळलं नाही.

"जागा गेली हो," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला मी शब्द दिलाय. मुलगी मला पसंत होती. घर नापसंत पडलं."

मी मान खाली घातली.

"पुढच्या वर्षी जागा निघाली, तर कळवते."

कळवते! मुलीकडच्यांना हा शब्द चांगला माहीत असतो. कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणून गेलेल्यांचा कधी फोन येतो का?

स्टेशनवर बसून मी मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, स्वातीसाठी स्थळ बघू नका. तिला पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा हाय. मी आई-आबांशी बोलतो."

"आरं पण त्या पुण्याच्या बाईंचा फोन आला न्हाई व्हय?"

"बाईंचा आला व्हता. बोलणं फिसकटलं."

"का? पोरीला नापसंत केलं?"

"न्हाई मामा," मी म्हटलं, "मला."