निळ्या अंड्यांचं खानदान

हसणार नसाल तर सांगतो. नाहीतर असं करा, आधीच हसून घ्या. लोदमध्ये माझ्यावर हसायचे राहिलेले आता तुम्हीच तेवढे!

आम्ही कोकणातले ज्यू, मुंबई सोडून इस्रायलात लोदला आलो. बासष्ट साली मी इथल्या विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथल्या एका अर्जेंटिनावाल्याने मला एक कोंबडी आणि एक कोंबडा दिला. शेपूट नाही, कानांजवळ पिसांचे झुबके, आणि कोंबडी अंडी घालायची निळी! रंगवलेली नव्हेत हो, मुळातच निळी. माझी बायको रिबेका तर पहिलं अंडं घेऊन डॉक्टरकडे निघाली होती.

झालं, मला खूळ लागलं. मुंबईत गिरणीत उमर गेली, कुणी मला कधी शेठ म्हटलं नाही. इथे मागच्या अंगणात मी एका खानदानाचा मालक! प्रत्येक कोंबडीची आई, आजी, पिसं, अंड्याचा रंग, सगळं एका वहीच्या मागच्या पानांवर टिपायचो. नावं दिली माझ्या मावश्यांची, कारण ती पाठ होती. अंड्याचा रंग फिका निघाला की शुक्रवारी घरात त्या कोंबडीचा नारळाचा रस्सा.

अडचण एकच. शेजारचा मोशे, रुमानियाचा, बेकरीत कामाला. त्याच्या कोंबड्याच्या मानेवर पीस नाही, बोडकी लाल मान, आणि तो रोज कुंपण ओलांडून माझ्याकडे हजर! मी मोशेला स्पष्ट सांगितलं, "याची आई कोण, आजी कोण, काही पत्ता आहे का? माझ्या कोंबड्यांचं रक्त बिघडतंय." मोशेने कोंबडा काखोटीला मारला आणि चालता झाला.

आता गंमत बघा. याच मोशेच्या मुलावर, योसीवर, आमच्या मुलीचा, मिरियमचा जीव जडला. माझी काही हरकत नव्हती. माणसांत मी असलं काही बघत नाही.

लग्नाची परवानगी काढायला रब्बींच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या कचेरीत गेलो, तर तिथला साहेब म्हणतो, तुम्ही हिंदुस्थानातले ना, मग अस्सल ज्यू कशावरून? मुलीची आई, आजी, पणजी, सगळं लिहून आणा. त्याशिवाय परवानगी नाही. माझं डोकंच फिरलं. आमच्या वाडवडिलांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ज्यू धर्म पाळत शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, गावाने आम्हाला शनवार-तेली नाव पाडलं, आणि हा मला आजी विचारतो?

आठवडाभर मी भाषण पाठ केलं. 'साहेब, माणसाला त्याची आजी विचारणं हा माणुसकीचा अपमान आहे!' कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणून बघायचो. त्या ऐकायच्या. रिबेका म्हणाली, भाषण राहू द्या, आधी आज्यांची नावं लिहा. लिहिली. त्याच वहीत. पुढून आज्या, मागून कोंबड्या.

कचेरीत आम्ही दोघं, मुलगा-मुलगी आणि मोशे. साहेबाने वही घेतली आणि आपल्या सवयीने उघडली. हिब्रू उजवीकडून वाचतात, म्हणजे आपली वही जिथे संपते तिथून त्यांची सुरू होते! मला कुठलं भान? मी मनात भाषण घोळवत होतो.

बाकावर आमच्यातलेच म्हातारे आयझॅकमामा बसले होते. साहेबाला मराठी येत नाही, म्हणून त्याने त्यांना वाचायला बसवलं. मामांचा आवाज खणखणीत. एकेक ओळ वाचून हिब्रूत सांगू लागले.

"मिल्का. आई सारा. बाप नक्की नाही. बहुधा शेजारचा रुमानियन, कुंपणावरून येतो."

सगळ्यांनी मोशेकडे बघितलं.

"दीना. आई मिल्का. रंग फिका. खानदानातून बाद. शुक्रवारी कापली."

साहेबाचं पेन थांबलं.

"पपा," मिरियम कुजबुजली, "ही कोंबड्यांची बाजू आहे."

घाम पुसत मी सगळा खुलासा केला. साहेब शांतपणे म्हणाला, "कोंबड्यांचं एवढं कशाला लिहून ठेवता?"

आणि मी गाढव! विषय माझ्या आवडीचा निघाला ना! म्हणालो, "नाइलाज आहे, साहेब. आई-आजी बघितल्याशिवाय कुणालाही आत घेतलं, तर रक्त शुद्ध कसं राहणार?"

बोललो आणि जीभ चावली.

"बसा," साहेब अगदी प्रेमाने म्हणाला. "तुम्हाला माझं काम कळतं."

भाषण घशातच राहिलं. आणखी कागद आणा, असं सांगून त्याने आम्हाला वाटेला लावलं. मिरियम बसमध्ये रडली. मोशे माझ्यापासून दूर, पार पुढच्या सीटवर जाऊन बसला. मला माझी लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

पुढे ही आजी-पणजीची अट काढा म्हणून आमचे लोक जेरुसलेमला उन्हात धरणं धरून बसले, तेव्हा कुठे चौसष्ट साली गाडं हललं आणि परवानगी मिळाली. धरण्याला मीही होतो. भाषणाला मात्र उभा राहिलो नाही.

लग्नाच्या दिवशी मोशे सूट घालून आला. काखेत तोच बोडक्या मानेचा कोंबडा, आणि त्या मानेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. मिरियमने ती सगळ्या मांडवाला वाचून दाखवली.

"आई: कोंबडी. आजी: कोंबडी. पणजी: चौकशी चालू आहे."

मी कोंबडा घेतला आणि स्वतःच्या हाताने अंगणात सोडला. त्याच्या पिल्लांच्या कोंबड्या झाल्या आणि अंडी द्यायला लागल्या. हिरवी! अशी सुरेख अंडी माझ्या शुद्ध खानदानाने कधी दिली नव्हती. वर्कशॉपमधले लोक हातात घेऊन विचारतात, हे खानदान कुठलं?

मी मान खाली घालून सांगतो, "आमच्या व्याह्यांचं."