रुमाल

जळकोटच्या अलीकडं, सडकेला लागून आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात मी नववीत होते. घरात ज्वारी नव्हती, आडाला पाणी नव्हतं, आणि मला घोर लागला होता एकाच गोष्टीचा: मधल्या बाकावरच्या मुली मला आपल्यात घेतील का? आज हे सांगताना माझाच मला राग येतो. पण होतं ते असंच होतं.

त्या बाकाची मालकीण म्हणजे सोसायटीच्या चेअरमनची मुलगी. तिचा मामा सोलापूरला. सुट्टीला जाऊन आली की ती नवे शब्द घेऊन यायची. ‘बंडल’, ‘खल्लास’, ‘फस्क्लास’. सोमवारी तिनं शब्द काढला की बुधवारपर्यंत तो सगळ्या वर्गाच्या तोंडी. शनिवारी कुणी तोच वापरला तर सगळ्या नाकं मुरडायच्या, “शिळं गं!” मी बौद्ध वस्तीतली, शेवटच्या बाकावर एकटी. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर प्रत्येक शब्द शिळा झालेला असायचा.

मग मी ठरवलं, आपणच एक काढायचा. वर्गाच्या खिडकीतून एसटीचा थांबा दिसायचा. गाडी धुरळा उडवत थांबली की माणसं आधी खिडकीतून रुमाल टाकायची. कुणी टोपी टाकी, कुणी पिशवी. सीटवर रुमाल पडला की ती जागा त्याची, मग दारातून आधी पाटील चढो की फौजदार. हा कायदा मला फार आवडायचा.

एका मधल्या सुट्टीत चेअरमनची मुलगी लिंबाखाली बसली होती. मी सरळ पुढ्यात जाऊन म्हणाले, “ए, सरक. माझा रुमाल हाय हितं.”

तिनं वर बघितलं. मी जीव मुठीत धरून उभी. मग ती खळखळून हसली आणि खरंच सरकली. “फस्क्लास! रुमाल!”

आठवड्यात सगळी शाळा रुमाल म्हणू लागली. जी आपल्यातली, तिचा रुमाल. तिनं ‘रुमाल’ म्हटलं की बाकावर असो, झेंड्याच्या कट्ट्यावर असो, सरकून जागा द्यायचीच. शनिवार उलटले, हा काही शिळा झाला नाही. मी मधल्या बाकावर बसू लागले. माझी चालच बदलली. आई म्हणायची, “लई हवंत हायस गं.” होतेच मी हवेत.

चैत्रात टँकर येऊ लागला. तो आडात रिकामा व्हायचा आणि लोक शेंदून न्यायचे. आमच्या माणसांनी आडाला हात लावायचा नाही. बाजूला घागरी मांडून बसायचं, कुणी वरून ओतलं तर ओतलं. दोन दिवस कुणी ओतलं नव्हतं. धाकट्या भावाला हगवण लागली होती, त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आई त्याला मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, “घागरभर तरी आण गं, कसं बी करून आण.”

आडावर चेअरमनची मुलगीच शेंदत होती. शेजारी तिची आजी. तिला बघून माझ्या जिवात जीव आला. इथं माझी ओळख होती. आमची बाजू सोडून मी थेट काठाशी गेले आणि म्हणाले, “ए, रुमाल!”

बायका बोलायच्या थांबल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं.

“काय म्हणती गं ती?” आजीनं विचारलं.

“काय न्हाय,” ती म्हणाली. आणि मला, खालच्या आवाजात नाही, चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं: “तिकडं हो की. घागरीला हात लागंल तुजा.”

मी मागं सरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी आजीनंच अर्धी घागर वरून ओतली, त्यातलं निम्मं माझ्या पायांवर सांडलं. उरलेलं घेऊन मी घरी पळाले. तेवढ्यावर भाऊ तगला. आईला मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरून ठरवूनच निघाले होते, शेवटच्या बाकावर बसायचं. वर्गात शिरले तर चेअरमनची मुलगी बाक थोपटत होती. “रुमाल!” ती हसून म्हणाली, काही झालंच नसल्यासारखी. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. शेवटचा बाक रिकामा होता. मला ओरडायचं होतं, काल आडावर काय झालं ते सगळ्या वर्गाला सांगायचं होतं. आणि सांगितलं तर मी पुन्हा एकटी, हेही मला दिसत होतं.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं माझा हात हातात घेतला. घागरीला लागू नये म्हणून काल ज्याला दूर केलं, तोच हात. मी तो सोडवून घेतला नाही.