कासिमालीनं तळवे उघडले तेव्हा

सासरच्या माणसांची नावं सुनेनं घेऊ नयेत, अशी आमच्याकडे रीत. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला कोण विचारतंय? कासिमाली माझा धाकटा दीर. जन्म मेंढ्या राखण्यात गेला, कुणाचं वाकडं केलं नाही. खोड एकच, दुवा द्यायची भारी हौस. लग्न असो, नवं घर असो, साधं जेवण असो, तळवे उघडून हा सुरू झाला की ऐकत राहावं. यमकं अशी जुळवतो की लांबच्या गावचे लोक मुद्दाम बोलावून नेतात. आणि दुवा संपून सगळ्यांनी आमीन म्हणत तोंडावरून हात फिरवले की बैठक मोडली. मग ताटात मटण उरलं असलं तरी कुणी बघत नाही.

गेल्या शरदात जिल्ह्याची माणसं आली. आमची कोक-जारची पंचायत मोडून उच-बुलाकच्या मोठ्या पंचायतीत घालायची होती, आणि त्यावर म्हणे लोकांचं मत हवं होतं. उच-बुलाक खिंडीपलीकडे. म्हणजे कालव्याचं पाणी कुणाला कधी सोडायचं, बर्फ काढायचा ट्रॅक्टर आधी कुठं पाठवायचा, आमचा दवाखाना ठेवायचा की नाही, सगळं त्यांच्या हातात.

त्या दवाखान्यात कासिमालीची सून बुरुल नर्स आहे. सासऱ्यासमोर आवाज न चढवणारी पोर. सासऱ्याला ती अता म्हणते, म्हणजे बाप. आदल्या दिवशी चहा ओतताना तिनं हळूच विचारलं, अता, उद्या सभेत मी बोललेलं चालेल का. हा म्हणाला, बोल की, तुझ्याइतकं नीट कोण सांगणार. मी तिथंच बसले होते, म्हणून तर माझा जीव जळतो.

सभा शाळेत भरली. म्हातारे, म्हणजे आमचे आक्साकाल, पुढे, बायका मागे. बाहेर कढईत मेंढी शिजत होती, तीही उच-बुलाकवाल्यांनी धाडलेली. जिल्ह्याचा टायवाला साहेब बोलत सुटला तो थांबेचना. मग आमचे दोघं पुरुष उठले आणि आपापल्या कुंपणांचं रडगाणं गाऊन बसले. वासानं निम्म्या लोकांचं लक्ष केव्हाच उडालं होतं. तेवढ्यात बुरुलनं हात वर केला. कासिमालीनं मान वळवून तो पाहिला. पण साहेब नेमका त्याच्याकडे वाकला आणि म्हणाला, "आक्साकाल, तुमच्या दुवेची कीर्ती जिल्ह्यापर्यंत आलीय. आम्हाला ऐकायला मिळणार ना?"

झालं. स्वारी फुलली. तळवे उघडले. आता थोरानं तळवे उघडल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? सगळ्यांचे उघडले. बुरुलचा वर गेलेला हात खाली आला आणि दुसऱ्या हाताशेजारी उघडा राहिला. यानं एकीची, भरल्या कुरणांची, सुखाच्या हिवाळ्याची दुवा दिली. आम्ही आमीन म्हटलं. साहेब म्हणाला, थोरांचा आशीर्वाद मिळाला, विरोध कुणाचाच नाही. आणि लोक कढईकडे धावले.

कासिमालीनं त्या मटणाला हात लावला नाही. त्या दिवसापासून तो घराबाहेर पडेना. मी गेले की एकच पालुपद, "वहिनी, मी तिचा हात पाहिला होता." मी कसली गप्प बसते! म्हटलं, पाहिलास ना, मग आता रडून काय उपयोग? गुरुवारी जिल्ह्याच्या सभेत मतं पडायचीत, तोवर बोलायला मुभा आहे. पाठव तिला.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला होते. जेवणं झाली, चहा झाला, आणि याचे हात गुडघ्यांवरच. दुवा झाल्याशिवाय उठायचं कसं? सगळे बसून राहिले.

"पोरी," तो म्हणाला, "त्या दिवशी जे बोलणार होतीस ते बोल. तोवर कुणी उठायचं नाही."

 बुरुल दस्तरखानाकडे, जेवणासाठी अंथरलेल्या कापडाकडे, बघत हलक्या आवाजात म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात आयसाल्किन अडली, तेव्हा बर्फानं खिंड बंद होती. मी पळत जाऊन सरपंचांची खिडकी वाजवली, त्यांनी तसाच ट्रॅक्टर काढला. बाई वाचली, लेकरू वाचलं. अता, उच-बुलाकमध्ये मी कुणाची खिडकी वाजवू?"

एवढंच. कासिमालीचे डोळे भरून आले. म्हणाला, हेच गुरुवारी जाऊन सांग, गाडी मी करतो.

"तुम्ही म्हणाल तर जाईन, अता. पण मी आमीन म्हटलंय. सासऱ्याची दुवा मोडायला आलीस का, असं त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

मग मीच जातो, मागे घेतो, असं काहीसं तो पुटपुटला आणि माझ्याकडे बघायला लागला.  दुवा मागे घ्यायची म्हणजे तळवे उलटे करायचे, आणि तो आमच्यात शाप असतो. आपल्याच गावाला शाप द्यायचा? मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"दुवा द्या, अता," बुरुल म्हणाली. "भांडी पडलीत."

त्यानं तळवे उघडले. आम्हीही उघडले आणि वाट बघत बसलो. ओठ हलत होते, शब्द फुटेना. एकही यमक आलं नाही. शेवटी बुरुलच आमीन म्हणाली आणि भांडी गोळा करायला लागली.