अर्ध्या टाकीचा आजार

आमच्या गॅरेजमध्ये गाडी आली की बाबा आधी बॉनेट उघडतात आणि आत्या आधी स्टूल पुढे करते. त्या स्टुलावर गाडीवाल्याने बसायचं आणि सगळं सांगायचं. गाडी कुठे उभी होती, ऊन होतं की सावली, मागे कोण बसलं होतं. बाबा याला चौकशी आयोग म्हणतात. मला विचाराल तर बाकीच्या आयोगांचे अहवाल धूळ खात पडतात, आत्याचा कामाला येतो.

ही खोड तिला शिलाई मशीनमुळे लागली. पंधरा वर्षं ती घरी बसून मशीनच दुरुस्त करत होती. धागा तुटतो म्हणून कुणी बाई आली, की आत्या तिलाच समोर शिवायला बसवायची. निम्म्या वेळा मशीन धडधाकट निघायचं आणि सुई उलटी लावलेली असायची. आतोबा गेल्यावर ती भावाच्या गॅरेजमध्ये आली आणि बेचाळिसाव्या वर्षी हातात पाना घेतला. धाकट्या भावाने तिला वर्षभर फक्त नटबोल्ट धुवायला दिले. तिने ते धुतले, पण तोंड काही बंद ठेवलं नाही.

तिची खरी परीक्षा पाहिली ती रुग्णालयाच्या जुन्या डिझेल व्हॅनने. सोमवारी आणि गुरुवारी ही व्हॅन सात जणांना डायलिसिसला नेते. महिनाभर ती पुलाच्या चढावर मिसिंग करत होती. म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवायचं, झटके द्यायचं आणि मान टाकायचं. ड्रायव्हरकाका उतरून इंजिनाला डिझेल चढवायचा हातपंप मारायचे, की पुन्हा चालू. आमच्या दारात आली की मात्र एकदम साळसूद. बाबांनी फिल्टर बदलला, पाइप बदलले, नोझल साफ केले, पुलावरून चार चकरा मारल्या. एक ठोका चुकेल तर शपथ.

एका गुरुवारी ड्रायव्हरकाकांनी बाबांना थेट पुलावरच बोलावलं. बाबा पोचेपर्यंत व्हॅन चालूही झाली होती. मागच्या सीटवर त्या सात जणांपैकी एक, ज्यांना सगळे ठेकेदार म्हणतात, ते बसले होते. हे निवृत्त गृहस्थ, देह भारदस्त, स्वभाव त्याहून मऊ. वैतागलेले बाबा त्यांच्या देखत म्हणाले, "एवढा माल भरल्यावर बैलसुद्धा बसेल."

सगळे हसले. ठेकेदारही हसले. पण पुढच्या सोमवारी ते व्हॅनमध्ये चढले नाहीत. आपल्यापायी सहा जणांचे हाल नकोत, मी बसने जाईन, म्हणाले. बसच्या पायऱ्या त्यांना चढता येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची डायलिसिसची पाळी चुकली. आणि त्या सोमवारी व्हॅन पुलावरून सुरळीत गेली. झालं, पुरावाच मिळाला.

मंगळवारी ड्रायव्हरकाका स्टुलावर बसून हे सांगत होते. ठेकेदारांचे पाय सुजलेत, आडवं पडलं की धाप लागते, गुरुवारचीही पाळी चुकली तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी माणूस व्हॅनमध्ये बसायला तयार नाही. बाबा स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिले. मला त्यांचा फार राग आला होता.

"दादा, त्याच्या आधीच्या सोमवारी ठेकेदार गाडीत होते?" आत्याने काकांना विचारलं.

"होते की."

"बंद पडली?"

"नाही. सोमवारी कधीच नाही पडत. पडते ती गुरुवारी."

"म्हणजे माणूस सोमवारी हलका असतो आणि गुरुवारी जड होतो?" हे ती बाबांकडे बघून म्हणाली. मग पुन्हा काकांना, "सोमवारी गाडीत वेगळं काय असतं?"

"काही नाही. सकाळी टाकी भरतो, ती आठवडाभर पुरवतो."

आत्या उठली, तिने किल्ली फिरवली. काटा वर, टाकी काठोकाठ. "आज मंगळवार. मग ही भरलेली कशी?"

काका जरा अभिमानाने म्हणाले, "ताई, दुसऱ्याच्या दारात गाडी उभी करायची तर उपाशी पोटी कशी आणू? आमच्या वडिलांची शिकवण आहे. इथे आणताना दरवेळी भरूनच आणतो."

"तुमच्या वडिलांनी आम्हाला महिनाभर नाचवलं, दादा," आत्या म्हणाली आणि तिने कॅन मागवले.

"ताई, भरलेली टाकी उपसतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" बाबा म्हणाले.

"माझं आहे. तू कॅन धर."

बाबांनी धरला. टाकी निम्म्याच्या खाली आणली. इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपचा एक तुकडा काढून आत्याने तिथे पारदर्शक नळी जोडली आणि काकांना ॲक्सिलरेटर दाबायला लावला. दोन मिनिटं काही नाही. मग नळीत एक बुडबुडा आला. मागून दुसरा, मग रांगच लागली. इंजिनाने ठोका चुकवला, दुसरा चुकवला, गाडी थरथरली आणि बंद पडली. गॅरेजमध्ये गाडी बंद पडल्यावर एवढा आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

टाकी उतरवली. तिच्या तळापर्यंत जाऊन डिझेल ओढणारी जी धातूची नळी असते, तिला बरोबर मध्यावर केसाएवढी भेग होती. टाकी भरलेली असली की भेग बुडालेली, कुणाला पत्ता नाही. डिझेल निम्म्याखाली गेलं की सरबताच्या नळीला मध्येच भोक पडावं तशी ती हवा ओढायची, आणि चढावर इंजिनाला डिझेल कमी पडायचं. बाबांनी ती भेग नखाने चाचपली आणि म्हणाले, "मला हे सात जन्मांत सुचलं नसतं." हे वाक्य ऐकायला आत्या गॅरेजमध्ये आल्यापासून आठ वर्षं थांबली होती. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नवी नळी बसवायला घेतली.

बुधवारी सकाळी ती बाबांना घेऊन ठेकेदारांकडे गेली, मलाही नेलं. फुटकी नळी तिने टेबलावर ठेवली आणि बाबांना म्हणाली, "तू सांग."

"दोष हिच्यात होता," बाबा म्हणाले. "तुमच्यात नव्हता. माझी जीभ घसरली, माफ करा."

ठेकेदारांनी नळी उचलून खिडकीकडे धरली. भेगेतून येणारा उजेड ते बराच वेळ बघत होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

गुरुवारी आत्याने मुद्दाम काटा पाव टाकीच्या खाली येऊ दिला. सातही जण बसले, पुढे आत्या, मागे कोपऱ्यात मी. चढ लागला तसं बोलणं थांबलं. सगळ्यांचे कान इंजिनाकडे. ठोक्यामागून ठोका, एकही चुकला नाही. पूल कधी संपला ते उताराला लागल्यावर कळलं. मग एका आजींनी टाळी वाजवली आणि सगळी व्हॅन टाळ्या वाजवायला लागली. स्टेअरिंग सोडून काकांनीही वाजवली, तेव्हा आत्याने त्यांना दरडावलं.

डायलिसिसच्या आधी तिथे प्रत्येकाचं वजन करतात. ठेकेदार नेहमी सगळ्यांत शेवटी जायचे आणि नर्सला आकडा हळू सांगायला लावायचे. त्या दिवशी ते सर्वांत आधी वजनकाट्यावर उभे राहिले, वाकून आकडा स्वतःच मोठ्याने वाचला, आणि आत्याकडे वळून म्हणाले, "ताई, एवढ्याला घेऊन चढली गाडी."